पर्यावरणशास्त्राचा अभ्यास आणि आपली मुले
(इंदूर येथे गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आपल्या न्यासाच्या या अमृतमहोत्सवी वर्षात विद्यार्थ्यांना उद्देशून चार शब्द बोलावेत, अशी चिटणिसांनी मला आज्ञा केली. मी ती आनंदाने मान्य केली. पण बोलणार आहे ते विद्यार्थ्यांपेक्षा आपणा वडील मंडळींशीच अधिक. कारण या विषयात चूक झाली आहे ती आपली, आणि त्यातही पहिली माझी.

गेल्या वर्षी शिष्यवृत्ती समितीपुढे एक मुलगी मुलाखतीस आली. बी.एस्सी.ला उत्तम गुण, घरची स्थिती बेताची. पुढे पर्यावरणशास्त्र घेऊन एम.एस्सी. करावयाचे, त्यासाठी साहाय्य हवे, असा तिचा अर्ज होता. मी तिला विचारले, “पोरी, एवढे चांगले गुण असताना झाडे लावण्याचे शिक्षण कशाला घेतेस?” ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “काका, आम्ही झाडे लावायला नाही शिकत. काय बिघडले आणि किती बिघडले, ते मोजायला शिकतो.”

उत्तर चोख होते. परंतु आपल्या नियमात वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा व हिशेबनिशी एवढ्याच शिक्षणाला मोठे साहाय्य देता येते. तिचा विषय त्या यादीत नव्हता. अर्ज परत गेला, आणि परत करणाऱ्या शेऱ्याखाली माझीही सही आहे. पुढे तिने शिकवण्या करून शुल्क भरले व प्रवेश मिळविला, हे मला मागाहून कळले. तेव्हापासून या विषयाची नीट माहिती करून घ्यावी असे मनाने घेतले. जे समजले ते आज आपणापुढे ठेवतो.

प्रथम हे पाहू की, हा विषय हलका आहे असा समज झाला तरी कसा? सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणाचे शिक्षण सर्वांना द्यावे असा निर्देश दिला, आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा एक अभ्यासक्रम आखला. हेतू स्तुत्य होता. परंतु सक्तीचा आणि पास होण्यापुरताच विषय म्हटला की त्याचे काय होते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री मार्गदर्शिका चाळावी, पाण्याचे महत्त्व पाच मुद्द्यांत लिहावे, आणि मोकळे व्हावे! ती छोटी परीक्षा दिलेल्या लाखो मुलांची व त्यांच्या आईबापांची समजूत झाली की पर्यावरणशास्त्र म्हणजे एवढेच. पण प्रथमोपचाराचा वर्ग केला म्हणजे वैद्यकाची पदवी मिळत नाही, तसेच हे आहे.

मग खरा अभ्यास असतो कसा? एकच उदाहरण देतो. दिवाळीच्या सुट्टीत ती मुलगी आमच्या घरी फराळाला आली होती. मी म्हटले, तुमचे मोजणे तरी दाखव. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शहराबाहेरच्या एका नाल्यावर गेलो. तिने तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याने अशी भरली की आत हवेचा एक बुडबुडाही राहू नये. त्यात मँगनीज सल्फेट आणि आयोडाइडचे अल्कधर्मी द्रावण घातले, बूच लावले आणि बाटली वरखाली हलविली. पाण्यात विरघळलेला प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. पुढे आम्ल घालून साका विरघळविला, आणि हायपो व स्टार्च घेऊन मोजणी केली, की प्राणवायू नेमका किती ते कळते. विंक्लर यांची ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. मी स्वतः वर्गात ती कित्येकदा करून दाखविली. पण नेहमी नळाच्या पाण्यावर, आणि साका नेहमी तपकिरी. त्या दिवशी तो पांढराच राहिला. म्हणजे पाण्यात श्वासापुरताही प्राणवायू नव्हता. रसायनशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या मला तो पांढरा साका घरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर पहिल्यांदा दिसला!

आता त्या बाटलीचा विचार करा. स्नानासाठी योग्य अशा नदीच्या पाण्यात एका लिटरमागे निदान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असे आपल्याकडील मान आहे. पाण्यातील घाण कुजविताना सूक्ष्म जंतू तो प्राणवायू खर्च करतात. ही मागणी मोजण्यासाठी नमुना २७ अंश तापमानात तीन दिवस अंधारात ठेवून आधीचा व नंतरचा प्राणवायू पाहतात. स्नानाच्या पाण्यात ही मागणी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी. घरगुती सांडपाण्यात ती दोनशेच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असते. असे पाणी शुद्ध न करता नदीत सोडले, तर नदीने ते कितीसे पचवावे?

ही मोजणी झाली रसायनाची. परंतु घाण कुजविणारे जंतू ओळखावयाचे तर सूक्ष्मजीवशास्त्र हवे. ते पाणी जमिनीत मुरून विहिरींना लागते काय, हे पाहण्यास भूशास्त्र हवे. एका दिवसाच्या नमुन्यावरून वर्षाचा निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून संख्याशास्त्र हवे. उपग्रहाच्या चित्रांवरून नाल्याकाठची वस्ती कशी वाढली हे वाचता आले पाहिजे. आणि हा अहवाल न्यायालयात टिकावा, तर कायदाही ठाऊक हवा. इतकी शास्त्रे एका नाल्याच्या काठी एकत्र आणणे, हाच या विषयाचा खरा अभ्यास होय. तो सोपा आहे असे मी तरी आता म्हणणार नाही.

दुसरे असे की, हा विषय इंदूरकरांना परका नाही. पॅट्रिक गेडीस हे स्कॉटलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून येथे आले. प्लेगाचे दिवस होते. १९१७ च्या दिवाळीत त्यांनी स्वच्छतेची मिरवणूक काढली आणि प्लेगाच्या उंदराची प्रतिमाही तीत मिरविली. ज्या भागात लोकांनी घरे-अंगणे अधिक झाडली, तेथून मिरवणूक जाणार होती. साहजिकच सारे शहर झाडू घेऊन उठले. १९१८ साली त्यांनी दरबाराला सादर केलेल्या नगररचनेच्या अहवालात नदी, घरे, बागा व आरोग्य यांचा एकत्र विचार आहे, आणि इंदुरात विद्यापीठ असावे अशी योजनाही आहे. ते विद्यापीठ यावयास १९६४ साल उजाडले.

पुढे १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी येथील वनस्पतिसंशोधन संस्थेत काडीकचरा, शेण, मूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून तीनेक महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसविली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. यावरचा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला दुसरे नाव आहे यशवंत वाड यांचे. ते त्या संस्थेत रसायनशास्त्राचे काम पाहत. हॉवर्डचे नाव जगाला ठाऊक आहे; आपल्या वाडांचे नाव आपल्याच किती मुलांना ठाऊक आहे?

आज इंदूरचे नाव निराळ्या कारणाने गाजले आहे. २०१७ पासून सलग अनेक वर्षे स्वच्छ शहरांच्या पाहणीत आपला क्रमांक पहिला आला, आणि ओल्या कचऱ्यापासून वायू काढणारा मोठा प्रकल्प २०२२ साली येथे सुरू झाला. याचा अभिमान जरूर बाळगावा. तथापि झाडलेला रस्ता डोळ्यांना दिसतो, पाण्यातला प्राणवायू दिसत नाही. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी जी कान्ह वाहते, तीच पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. २०१६ च्या सिंहस्थात तिचे पाणी घाटांवर येऊ नये म्हणून ते मोठ्या नळातून बाजूला वळवावे लागले होते. आपल्या घरचे पाणी दुसऱ्याच्या तीर्थात जाते, हे आपण विसरू नये.

सरकारनेही या कामी कायदे केले आहेत. स्टॉकहोमला १९७२ साली जागतिक परिषद भरली. त्यानंतर आपल्याकडे १९७४ साली जलप्रदूषणाचा व १९८१ साली वायुप्रदूषणाचा कायदा झाला. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला विषारी वायूने एका रात्रीत काय केले, हे या सभेतील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको; त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. २०१० च्या कायद्याने हरित न्यायाधिकरण स्थापन झाले, व त्याचे एक पीठ भोपाळलाच आहे. पण कायदा स्वतः नाल्यावर जाऊन बाटली भरत नाही. त्यासाठी शिकलेली, प्रामाणिक माणसे लागतात.

आता पोटापाण्याचा प्रश्न. तो विचारणे गैर नाही. आईबापांनी तो विचारलाच पाहिजे. राज्याची प्रदूषण नियंत्रण मंडळे, नगरपालिकांची जलशुद्धीकरण केंद्रे, कारखान्यांच्या प्रयोगशाळा, नव्या प्रकल्पांच्या परिणामांचे अहवाल तयार करणाऱ्या संस्था, आणि नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेसारखी संशोधनाची स्थाने येथे काम मिळते. ही नागपूरची संस्था १९५८ पासून काम करीत आहे. अध्यापनासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षेतही हा स्वतंत्र विषय आहे. परंतु खोटी आशा दाखवू नये. सरकारी जागा थोड्या असतात आणि भरती रखडते. संगणकाच्या नोकरीत मिळतो तसा पगार येथे आरंभी मिळेलच असे नाही. शिवाय खरा अहवाल दिला की कोणाची तरी नाराजी ओढवते. पाण्याचा नमुना कोणाची भीड ठेवीत नाही. तो तपासणाऱ्यानेही ठेवू नये, आणि हे मात्र सोपे नसते.

जी मुले या वाटेने जाऊ इच्छितात, त्यांना चार सूचना करतो. गणिताला भिऊन ते सोडू नका. पदवीला रसायन, प्राणी, वनस्पती किंवा भूशास्त्र यांपैकी एका विषयाचा पाया पक्का करा. प्रवेश घेण्यापूर्वी त्या विभागाची प्रयोगशाळा पाहून या आणि वर्षातून किती दिवस मुलांना नदीवर, शेतावर, रानात नेतात ते विचारा; जेथे केवळ फळ्यावर शिकवितात तेथे जाऊ नका. आणि आपला निष्कर्ष मराठीत व हिंदीत नगरसेवकाला व नाल्याकाठच्या बाईला समजेल असा लिहावयास शिका. न समजलेला अहवाल कपाटातच राहतो.

शेवटी विश्वस्तांना एक विनंती. येत्या वार्षिक सभेत साहाय्याच्या नियमातील विषयांची ती यादी काढून टाकावी, आणि विद्यार्थ्याची पात्रता, त्याची गरज व विषयाचा त्याने केलेला विचार एवढेच पाहावे, असा ठराव मी मांडणार आहे. हा न्यास ज्यांनी उभा केला त्यांच्या काळी मुलगा डॉक्टर झाला की साऱ्या समाजाचे आरोग्य सुधारेल अशी आशा होती, आणि ती योग्यच होती. आज बरेचसे दुखणे पाण्यातून व हवेतून घरी येते; ते घराबाहेर अडविणारेही आपल्यात हवेत.

त्या मुलीचे शेवटचे वर्ष उरले आहे. तिने पुन्हा अर्ज करावा, असे मी तिला सांगितले आहे. तो अर्ज समितीपुढे येईल तेव्हा मी तिला प्रश्न विचारणार नाही. माझी परीक्षा त्या नाल्यावरच झाली आहे.