ॲल्थिया गिब्सन : विजेतेपद आणि पोटापाणी



विम्बल्डन जिंकणाऱ्या खेळाडूला किती कोटी रुपये मिळाले, हे हल्ली आपल्याला तिचं नाव नीट उच्चारता येण्याआधीच कळतं. आज मी ज्या विजेतीविषयी बोलणार आहे, तिनं विम्बल्डन दोनदा जिंकलं आणि बक्षिसाच्या रकमेचा प्रश्नच आला नाही, कारण तेव्हा अशी रक्कम नव्हतीच. तिचं नाव ॲल्थिया गिब्सन. विम्बल्डनची एकेरी जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय खेळाडू. हे वर्ष होतं १९५७.

ॲल्थियाचा जन्म २५ ऑगस्ट १९२७चा, अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या सिल्व्हर या खेड्यातला. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर बटाईनं कापूस पिकवत. पीक बुडालं की पोट भरायची पंचाईत. ॲल्थिया तीनेक वर्षांची असताना हे कुटुंब न्यूयॉर्कमधल्या हार्लेम वस्तीत आलं. तिथं १४३व्या रस्त्यावर त्यांचं घर होतं, आणि योगायोग असा की याच रस्त्याचा एक तुकडा मुलांना खेळता यावं म्हणून वाहनांना बंद केला जाई. तिथं लाकडी फळीनं खेळायचा पॅडल टेनिस हा खेळ चाले. ॲल्थिया शाळा बुडवायची, सिनेमाला पळायची, रस्त्यावर मारामाऱ्या करायची. वडिलांनी तर तिला मुष्टियुद्धाचे धडे दिले होते. पण फळी हातात आली की ही मुलगी हटत नसे. बाराव्या वर्षी ती न्यूयॉर्क शहराची मुलींमधली पॅडल टेनिस विजेती झाली.

या खेळांवर देखरेख करणारा बडी वॉकर हा पेशानं वादक. त्यानं तिला टेनिसच्या रॅकेट आणून दिल्या. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वर्गणी काढली आणि तिला हार्लेमच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात घातलं. तिथले प्रशिक्षक फ्रेड जॉन्सन यांना एकच हात होता. त्या एका हातानं त्यांनी तिला टेनिसचे पहिले फटके शिकवले.

आता एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या काळी अमेरिकेत टेनिसच्या दोन दुनिया होत्या. गोऱ्यांच्या क्लबांत काळ्या खेळाडूंना प्रवेश नसे, म्हणून त्यांनी अमेरिकन टेनिस असोसिएशन नावाची स्वतःची संघटना काढली होती. १९४७ पासून या संघटनेचं महिलांचं विजेतेपद ॲल्थियानं सलग दहा वर्षं जिंकलं. पण त्याआधी, १९४६ साली, ती अंतिम सामन्यात हरली होती. तो पराभव पाहायला दोन डॉक्टर हजर होते : ह्युबर्ट ईटन आणि वॉल्टर जॉन्सन. दोघेही कृष्णवर्णीय, दोघेही टेनिसवेडे. दोघांनी मिळून ठरवलं की शाळेचं वर्ष तिनं उत्तर कॅरोलिनात ईटन यांच्या घरी काढायचं आणि सुट्टी व्हर्जिनियात जॉन्सन यांच्याकडे. दोघांच्याही घराशी टेनिस कोर्ट होतं. अशा रीतीनं विशीच्या उंबरठ्यावर ही मुलगी पुन्हा शाळेत बसली. पण ही राज्यं दक्षिणेतली. बसमध्ये गोऱ्यांनी पुढे आणि काळ्यांनी मागे बसायचं, असा तिथला कायदा. हार्लेममध्ये वाढलेल्या ॲल्थियाला तो रोज गिळावा लागला.

राष्ट्रीय स्पर्धा भरे न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्समध्ये. काळ्यांना बंदी, असा लेखी नियम कुठंच नव्हता. आधी मान्यताप्राप्त स्पर्धांत खेळून दाखवा, मग आमंत्रण देऊ, एवढंच सांगितलं जाई. या मान्यताप्राप्त स्पर्धा ज्या क्लबांत होत, तिथं तिला आत कोण घेणार? कोंडी फोडली ती ॲलिस मार्बल या गोऱ्या माजी विजेतीनं. जुलै १९५०मध्ये तिनं एका टेनिस मासिकात जळजळीत लेख लिहून आपल्याच मंडळींना जाब विचारला. ऑगस्टमध्ये ॲल्थिया फॉरेस्ट हिल्सच्या कोर्टवर उतरली.

दुसऱ्याच फेरीत गाठ पडली लुईझ ब्रफशी. ब्रफ त्या वर्षीची विम्बल्डन विजेती. पहिला सेट ॲल्थियानं १-६ गमावला, दुसरा ६-३ असा घेतला आणि तिसऱ्यात ७-६ अशी आघाडी मिळवली. तेवढ्यात आभाळ फाटलं. वीज कडाडली आणि स्टेडियमच्या माथ्यावरचा दगडी गरुड खाली कोसळला. खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी उरलेला सामना काही मिनिटांत संपला आणि ब्रफ ९-७ अशी जिंकली. विजेतेपदाच्या मानकरणीला एका नवख्या मुलीनं हरता हरता घाम फोडला होता. पुढल्या वर्षी ती विम्बल्डनलाही खेळली.

कथा-कादंबऱ्यांत यानंतर यशाची रांग लागते. इथं पाच वर्षं तसं काहीच घडलं नाही. कृष्णवर्णीयांची वर्तमानपत्रंही तिच्यावर नाराज होऊ लागली. तिनं पदवी घेतली, मिसुरी राज्यातल्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवलं, आणि १९५५मध्ये तर टेनिस सोडून सैन्यात जायचं जवळजवळ पक्कं केलं. त्याच सुमारास हार्लेममध्ये टॅक्सी चालवणारे सिडनी लेवेलिन तिला शिकवू लागले होते. रॅकेट धरण्याची तिची पद्धतच त्यांनी बदलली.

आणि मग आशियाचा दौरा आला. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं सदिच्छा दौऱ्यासाठी चार खेळाडू निवडले. त्यांत ॲल्थिया होती. त्या वर्षी मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा अमानुष खून झाला होता आणि अमेरिकेची जगभर छी-थू चालली होती. अशा वेळी एक काळी खेळाडू परदेशी दाखवणं सरकारला सोयीचं होतं. पण त्या दौऱ्यानं ॲल्थियाचं भलं केलं. ब्रह्मदेश, श्रीलंका, पाकिस्तान आणि आपला भारत असा तिनं प्रवास केला. रोज खेळणं, रोज जिंकणं आणि कुठंही दार बंद नाही! भारतातच तिची ओळख इंग्लंडच्या अँजेला बक्स्टनशी झाली. बक्स्टन ज्यू होती आणि क्लबांमधली हेटाळणी तिनंही सोसली होती. दोघींची गट्टी जमली.

१९५६मध्ये ॲल्थियानं पॅरिसला फ्रेंच स्पर्धा जिंकली. ग्रँड स्लॅम स्पर्धेतलं कृष्णवर्णीय खेळाडूचं हे पहिलं एकेरी विजेतेपद. त्याच उन्हाळ्यात बक्स्टनसोबत तिनं विम्बल्डनची दुहेरीही जिंकली. पुढचं वर्ष तिचंच होतं. उंचीपुरी ॲल्थिया सर्व्हिस करून थेट नेटकडे झेपावत असे. त्या काळच्या महिला टेनिसमध्ये हा पुरुषी खेळ समजला जाई. विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात तिनं डार्लीन हार्डला ६-३, ६-२ असं हरवलं आणि राणी एलिझाबेथ यांच्या हातून बक्षीस घेतलं. न्यूयॉर्कनं ब्रॉडवेवरून तिची मिरवणूक काढली, कागदी फितींचा वर्षाव केला. सप्टेंबरात तिनं अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, तीही सात वर्षांपूर्वीच्या त्याच लुईझ ब्रफला हरवून. १९५८मध्ये दोन्ही स्पर्धा तिनं पुन्हा जिंकल्या. एकेरी, दुहेरी, मिश्र दुहेरी मिळून ग्रँड स्लॅमची तिची अकरा विजेतेपदं आहेत.

पण त्या मिरवणुकीनंतर थोड्याच दिवसांत ती शिकागोजवळ एका स्पर्धेला गेली, तेव्हा तिला हॉटेलात खोली नाकारण्यात आली. सात समुद्रांपलीकडे राणीच्या हातून बक्षीस घेतलेल्या मुलीला स्वतःच्या देशात रात्रीपुरतं छप्पर मिळेना. पत्रकारांना वाटे, तिनं काळ्यांच्या हक्कांवर बोलावं. ती म्हणे, मी फक्त टेनिस खेळाडू आहे. यावरून तिच्यावर पुष्कळ टीका झाली. मला तिचं म्हणणं समजतं. गोऱ्या विजेतीला फक्त खेळायचं होतं, हिनं मात्र खेळायचं आणि अख्ख्या समाजाची जबाबदारीही वाहायची, ही अपेक्षाच मुळात विषमतेतून आली होती.

आणि पोटाचं काय? टेनिस तेव्हा हौशी होतं. खेळाडूनं पैसे घेतले की मोठ्या स्पर्धांचं दार बंद. श्रीमंत घरातल्या मुलींना हे परवडत असे. बटाईदाराच्या मुलीला कसं परवडणार? जगात पहिल्या क्रमांकावर असताना, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तिनं हौशी टेनिस सोडलं. मग तिनं गाण्याची ध्वनिमुद्रिका काढली, जॉन फोर्ड यांच्या एका चित्रपटात काम केलं, बास्केटबॉलच्या खेळाआधी प्रदर्शनी सामने खेळले. पुढे गोल्फ शिकली आणि १९६४मध्ये महिलांच्या व्यावसायिक गोल्फ दौऱ्यात उतरणारी पहिली कृष्णवर्णीय खेळाडू ठरली. तिथंही काही क्लब तिला कपडे बदलायची खोली देत नसत, ती मोटारीत बूट बदलायची. टेनिसमध्ये १९६८ला व्यावसायिकांना दारं खुली झाली, बक्षिसांचे पैसे सुरू झाले, तेव्हा ॲल्थिया चाळिशीला पोचली होती.

उतारवयात आजारपणं आली, पैसे संपले. १९९०च्या दशकात तिनं लंडनला अँजेला बक्स्टनला फोन केला. औषधाला आणि घरभाड्याला पैसे नाहीत, जगावंसं वाटत नाही, असं ती म्हणाली. बक्स्टननं मदतीचं आवाहन एका टेनिस नियतकालिकात छापून आणलं आणि जगभरातून पैशांची पाकिटं येऊ लागली. २८ सप्टेंबर २००३ रोजी ॲल्थिया वारली. तोवर सेरेना आणि व्हीनस विल्यम्स ग्रँड स्लॅम जिंकू लागल्या होत्या. विम्बल्डनला तिच्यानंतरची कृष्णवर्णीय विजेती यायला बेचाळीस वर्षं लागली. २०१९ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेच्या आवारात तिचा पुतळा उभा राहिला.

ॲल्थियाला वर चढवलं ते शेजाऱ्यांच्या वर्गणीनं, दोन डॉक्टरांच्या घरानं, एका माजी विजेतीच्या लेखणीनं. पडत्या काळात सावरलं ते एका मैत्रिणीनं. ज्या खेळानं तिच्या नावावर स्टेडियमं भरवली, त्या खेळाकडे तिच्यासाठी काहीच तजवीज नव्हती. श्रोतेहो, आपल्याही गावातली, शाळेतली एखादी मुलगी स्पर्धा जिंकून येते, आपण शाल-श्रीफळ देतो, फोटो छापतो. ते जरूर करा. पण त्याच दिवशी तिच्या फीची, खुराकाची आणि पुढल्या नोकरीची चौकशीही करा. पुतळा नंतर उभारता येतो.