पटावरची नावे



शाळेतील जुन्या सोबत्यांचे संमेलन हा विषय व्याख्यानपीठाला शोभेल काय, असे कोणी विचारील. जेवण झाले, छायाचित्र निघाले की जे आटोपते, त्यावर बोलायचे काय? परंतु अशा संमेलनाआधी एक प्रश्न सोडवावा लागतो. आपला वर्ग म्हणजे नेमके कोण? आम्ही आज बोलणार आहोत ते त्याविषयी.

आम्ही १९७५ सालचे. नव्या आकृतिबंधाची दहावीची परीक्षा महाराष्ट्रात प्रथम त्या वर्षी झाली. पन्नाशी उलटली, तेव्हा तालुक्याच्या गावच्या आमच्या शाळेतील सोबत्यांनी येत्या दिवाळीत जमावे असे आम्ही काहीजणांनी ठरविले. व्हॉट्सअ‍ॅपवर आठ दिवसांत पस्तीस नावे गोळा झाली. यादी नजरेखालून घातली, तो बहुतेक सारे पुण्या-मुंबईस स्थिरावलेले, नोकरीतून सन्मानाने निवृत्त झालेले. यात नवल नाही. ज्याचा नंबर आपल्यापाशी आहे, तोच आपल्याला सापडतो.

म्हणून मुख्याध्यापकांच्या परवानगीने आम्ही शाळेचे जनरल रजिस्टर पाहिले. त्यात नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण अशी नोंद असते. दहावीला बसलेल्यांपेक्षा आठवीच्या पटावरची नावे कितीतरी अधिक भरली. आम्ही आठवीत गेलो ते जून १९७२ मध्ये. त्या सालचा दुष्काळ येथील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. मिलो आणि सुकडी खाऊन माणसे पाझर तलावांवर, रस्त्यांच्या कामांवर खडी फोडीत होती. ज्या घरी खाणारी तोंडे अधिक, त्या घरचे तेरा-चौदा वर्षांचे पोर वर्गात कसे बसणार? रजिस्टरात मात्र अशांच्या नावापुढे दोनच शब्द आहेत : 'सतत गैरहजर'.

मुलींचा शोध याहून कठीण. रजिस्टरात नाव माहेरचे. पुढे आडनाव बदलले, कित्येकींचे तर नावही बदलले. त्यांचा पत्ता कोणत्याही यंत्रावर लागत नाही. तो लागतो गावी राहिलेल्या भावाकडे, भावजयीकडे. त्यासाठी उंबरठे झिजवावेच लागतात.

आमच्यातील काही म्हणाले, "ज्यांची शाळा सुटली त्यांना कशाला बोलवायचे? बिचारे संकोचतील." या म्हणण्यात सद्भाव आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु यावे की न यावे हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. बोलावणे न पाठवून तो आपण काढून घेऊ नये. संकोच वाटणार असेल तर तो आपल्या वागण्याने वाटेल, आणि वागणे आपल्या हाती आहे.

यास्तव आम्ही काही गोष्टी ठरविल्या आहेत. वर्गणी ज्याने त्याने बंद पाकिटात द्यावी. आकडा वाचून दाखवू नये. ओळख करून देताना हुद्दा सांगू नये. हजेरी आठवीच्या पटाप्रमाणे घ्यावी, आणि जे हयात नाहीत त्यांचेही नाव पुकारावे. दूर गावाहून येणाऱ्यास आणावयास कोणीतरी जावे. मुख्य म्हणजे बोलावणे समक्ष करावे. अशाच एका घरी आम्ही गेलो, तेव्हा वर्गसोबती उठून उभा राहिला आणि "या साहेब" म्हणाला. एकाच बाकावर बसलेल्या दोघांत हे 'साहेब' कोठून आले? ते जाऊन पुन्हा 'अरे' येईपर्यंत चहाचे दोन कप झाले.

श्रोतेहो, आपणांपैकी अनेकजण अशा संमेलनांच्या खटपटीत असतील. त्यांना आमची एवढीच विनंती आहे : सभागृह ठरविण्यापूर्वी एकदा शाळेत जा, पट पाहा, आणि ज्या नावापुढे 'गैरहजर' लिहिले आहे तेथून बोलावण्यास सुरुवात करा.