टीव्हीवरची शर्यत आणि टायरची पकड

घरच्या टीव्हीला जोडलेल्या गेम कन्सोलवर मोटारींच्या शर्यतीचे खेळ ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. एकात गाडी भिंतीला घासली तरी ठिणग्या उडवत पुढे जाते, ब्रेक लावायची वेळ फारशी येतच नाही आणि शेवटी असलेला खेळाडू मिनिटभरात पहिला येऊ शकतो. दुसऱ्यात वळणाआधी वेग उतरवला नाही की गाडी सरळ वाळूत जाऊन रुतते. या दुसऱ्या प्रकाराला सिम्युलेशन म्हणतात. घरगुती कन्सोलवर त्याची घडी बसवली ती 'ग्रॅन टुरिस्मो' या जपानी खेळाने.

२३ डिसेंबर १९९७ रोजी हा खेळ जपानमध्ये सोनीच्या प्लेस्टेशनसाठी आला. काझुनोरी यामाउची आणि त्यांचे मोजके सहकारी पाच वर्षे त्यावर खपले होते. त्या काळच्या प्लेस्टेशनची मुख्य स्मृती अवघी २ मेगाबाइट होती. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोसुद्धा तेवढ्यात मावत नाही. तेवढ्या जागेत रस्ता, शर्यतीतल्या सहा गाड्या आणि त्या प्रत्येकीचे गणित चालवायचे होते. खेळात सुमारे १४० गाड्या होत्या आणि त्याच्या जगभरात १ कोटीहून अधिक प्रती खपल्या.

या खेळाची खरी गंमत शर्यतीच्या आधीच सुरू होत असे. खेळाडूच्या हाती पडत १०,००० क्रेडिट, म्हणजे एखादी जुनी, वापरलेली गाडी घेण्यापुरती रक्कम. मोठ्या शर्यतींत उतरायचे तर आधी परवाना काढावा लागे. त्याच्या परीक्षाही साध्या दिसणाऱ्या: गाडी वेगात न्यायची आणि आखलेल्या चौकटीत अचूक थांबवायची, एकच वळण ठरलेल्या वेळेत पार करायचे. चाक रेषेबाहेर गेले की नापास. एमएच ३५ ची पाटी लावून गोंदियात फिरणाऱ्या काही चालकांनाही ही परीक्षा जड गेली असती. शर्यत जिंकून पैसे मिळवायचे, त्यातून चांगले टायर, सस्पेन्शन, इंजिनाचे भाग घ्यायचे आणि मग वरच्या शर्यतीत नाव घालायचे, हा क्रम पुढच्या बहुतेक खेळांनी उचलला.

गोंदिया-भंडाऱ्याकडच्या शंकरपटात बैलजोडी सरळ पट्टीवर सुटते आणि काही सेकंदांत निकाल लागतो. मोटारींच्या शर्यतीत मात्र सरळ रस्ता हा सोपा भाग असतो. तिथे पाय दाबून धरला की झाले. शर्यत जिंकली किंवा हरली जाते ती वळणावर, आणि वळणावरचा सगळा कारभार टायरच्या पकडीचा असतो.

हजार-बाराशे किलोची गाडी रस्त्याला टेकते ती चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणचा टायरचा भाग साधारण तळहाताएवढा असतो. तेवढ्या रबराला मिळणारी पकड ठरावीक असते. थांबणे, वेग घेणे आणि वळणे या तिन्ही गोष्टी त्यातूनच भागवायच्या असतात. ब्रेकसाठी सगळी पकड खर्ची पडली तर वळायला काहीच उरत नाही. मग स्टिअरिंग पूर्ण फिरवले तरी गाडी नाकासमोर जात राहते. नवखा खेळाडू वारंवार वाळूत जातो तो याच कारणाने. त्याला वाटते स्टिअरिंग कमी पडले, प्रत्यक्षात ब्रेक उशिरा सुटलेला असतो.

हिशेब मांडून पाहिला तर चित्र स्पष्ट होते. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी जोराचा ब्रेक लावल्यावर सुमारे ४० मीटरमध्ये थांबते. वेग दुप्पट, म्हणजे २०० केला की हे अंतर दुप्पट न होता चौपट होते, सुमारे १६० मीटर. रस्ता ओला होऊन पकड निम्म्यावर आली तर तेच अंतर ३२० मीटरवर जाते. वळणाचेही असेच. ५० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ८० च्या आसपास घेता येत असेल, तर १०० मीटर त्रिज्येचे वळण १६० ने घेता येत नाही; मर्यादा ११० च्या जरा पुढे संपते. हे नियम खेळापुरते नाहीत. कोहमाऱ्याहून देवरीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, जुलैच्या पावसात, ट्रकच्या मागे चालणाऱ्या गाडीलाही ते तसेच लागू पडतात.

म्हणून शर्यतीतला चालक वळणाची त्रिज्या वाढवायला बघतो. तो रस्त्याच्या बाहेरच्या कडेने येतो, वळणाच्या मध्याला आतल्या कडेला चिकटतो आणि पुन्हा बाहेरच्या कडेला निघतो. रस्ता तोच असतो, पण गाडीचा मार्ग अधिक सरळ होतो. आजचे खेळ ही वाट रस्त्यावर रंगीत रेषेने दाखवतात. लाल रंग दिसला की ब्रेक. शिकाऊ खेळाडूला ती रेषा उपयोगी पडते. मात्र सवय लागली की नजर रस्त्याऐवजी रेषेवरच राहते, त्यामुळे मुरलेले खेळाडू ती बंद करतात.

याखेरीज वजनाची हालचाल असते. ब्रेक लावला की गाडीचे नाक दबते, पुढच्या टायरांवर भार वाढतो आणि मागचे टायर हलके पडतात. ऐन वळणात घाबरून ब्रेक दाबला तर मागची बाजू सटकून गाडी गर्रकन फिरते. हे सगळे प्रत्येक चाकासाठी वेगवेगळे मोजावे लागते. आजचा खेळ सेकंदाला ६० चित्रे दाखवतो, म्हणजे एका चित्रासाठी कन्सोलला एका सेकंदाचा साठावा भाग मिळतो. तेवढ्यात चाकांचे गणित आटोपून चित्रही रंगवायचे असते.

हे गणित खेळाडूच्या हातापर्यंत पोहोचणेही गरजेचे होते. साध्या बटणांनी स्टिअरिंग एक तर पूर्ण फिरे किंवा सरळ राही; अर्धे-पाव वळवणे अवघड. हलवता येणाऱ्या दोन दांड्यांचा आणि थरथरणारा 'ड्युअलशॉक' कंट्रोलर जपानमध्ये नोव्हेंबर १९९७ मध्ये आला, म्हणजे 'ग्रॅन टुरिस्मो'च्या महिनाभर आधी. पुढे मोटरने उलटा जोर देणारी स्टिअरिंग चाके आणि पायाने दाबायचे पेडल आले. प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरमध्ये ब्रेकची कळ बोटाला विरोध करते.

रस्तेही खरे हवेत. जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगची जुनी, जवळपास २१ किलोमीटरची वाट २००४ च्या 'ग्रॅन टुरिस्मो ४' मध्ये आली. आता लेझरने मोजमाप करून रस्त्याचे चढउतार आणि उंचवटे खेळात आणले जातात. भारतातले उदाहरण बोलके आहे. ग्रेटर नोएडाच्या ५.१२५ किलोमीटरच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर ३० ऑक्टोबर २०११ रोजी पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. पण कोडमास्टर्स कंपनीचा 'एफ १ २०११' हा खेळ त्याआधीच, सप्टेंबरमध्ये, त्या ट्रॅकसह बाजारात आला होता. खऱ्या शर्यतीआधीच कित्येकांनी दिवाणखान्यात बसून त्याच्या फेऱ्या मारल्या होत्या.

खेळात शिकलेले खऱ्या गाडीत चालते का, हे पाहण्याचा एक मोठा प्रयोगही झाला. निसान आणि सोनीने २००८ मध्ये 'जीटी अकॅडमी' सुरू केली. खेळातल्या सर्वांत वेगवान खेळाडूंना निवडायचे आणि त्यांना खऱ्या गाडीत बसवायचे, अशी ती योजना. तिचा पहिला विजेता, स्पेनचा लुकास ओर्दोनेझ, २०११ च्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात दुसरा आला. त्याच वर्षीचा विजेता यान मार्डनबरो यानेही व्यावसायिक शर्यती गाजवल्या; त्याच्यावर २०२३ मध्ये चित्रपट निघाला. ब्रेक कुठे लावायचा, वाट कोणती धरायची, हे खेळात खरोखर शिकता येते, असे यातून दिसले.

तरी काही गोष्टी टीव्ही देऊ शकत नाही. खऱ्या गाडीत मागची बाजू सुटायला लागल्याचे पाठीला आणि कमरेला आधी कळते. खेळात ते डोळ्यांनी बघावे लागते, म्हणजे थोडे उशिरा. आणि भीती तर नसतेच. मार्च २०१५ मध्ये न्यूरबुर्गरिंगवर मार्डनबरोची गाडी उंचवट्यावर हवेत उचलली जाऊन कुंपणापलीकडे गेली आणि एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला. खेळात असा अपघात झाला तर बटण दाबून फेरी नव्याने सुरू होते.

आणखी एक मर्यादा इंटरनेटची. याच मालिकेतला 'ग्रॅन टुरिस्मो ७' ४ मार्च २०२२ रोजी आला. त्यातल्या मुख्य खेळासाठी इंटरनेट सतत जोडलेले लागते. त्याच महिन्यात सर्व्हरच्या दुरुस्तीमुळे तो जगभर दिवसाहून अधिक काळ बंद राहिला. वीज आणि नेट या दोन्हींचा भरवसा नसलेल्या गावी ही अट साहजिकच जास्त जाचते. नेट गेले की मोजक्या गाड्या आणि ट्रॅकवर सराव करता येतो. नवी गाडी घेणे आणि बक्षिसाची रक्कम मिळवणे नेट येईपर्यंत थांबते.