खुंट्याला दुसरा हात

आजच्या सेवेला जनाबाईंचं चरित्र घेतलं आहे.

गोदाकाठच्या गंगाखेडचं हे लेकरू. लहानपणीच पंढरपुरात नामदेवरायांच्या घरी आलं. झाडलोट, पाणी, दळण-कांडण, वाट्याला येईल ते काम केलं. पंढरपूरजवळ गोपाळपूरला आजही जनाबाईंचं जातं दाखवतात. वारीला गेलेल्यांनी पाहिलं असेल. परंपरा सांगते, जनी एकटी दळायला बसली की पांडुरंग यायचा, समोर बसायचा आणि खुंट्याला हात लावायचा.

आता विचार करा महाराज. तो देव आहे. मनात आणतं तर पिठाची रास पडली असती. 'जने, तुझं प्रारब्ध आहे, भोगून संपव,' असं सांगितलं असतं. गीता सांगणारा तोच ना? अर्जुनाला अठरा अध्याय, आणि जनीला? तिच्या जात्यापाशी तो नुसता बसला.

कुणी म्हणेल, महाराज, अर्जुनाला तर उपदेश केलाच की! केला. पण कधी केला ते बघा. गीतेच्या पहिल्या अध्यायात भगवान जवळजवळ बोलतच नाहीत. अर्जुनाचा विषाद ऐकतात. 'मी तुझा शिष्य आहे, मला सांग,' असं अर्जुन स्वतः म्हणतो, त्यानंतर ज्ञान सुरू होतं. आपलं उलटं आहे. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत आपले अठरा अध्याय तयार!

दुसऱ्याचं कशाला, मी माझंच सांगतो. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावात तरण्या पोरानं स्वतःचं आयुष्य संपवलं. मी चौथ्या दिवशी भेटायला गेलो. ओसरीवर माणसं बसलेली. कुणी विचारतंय, कर्ज किती होतं? कुणी म्हणतंय, घरात काही वाद झाला होता का? एकानं तर आईच्या देखत विचारलं, 'तुमच्या ध्यानात कसं आलं नाही?' काय होतं असेल हो त्या माऊलीच्या काळजाचं?

मी त्या लोकांना मनात नावं ठेवली आणि स्वतः काय केलं? आत जाऊन तिला अर्धा तास सांगितलं, आत्मा अमर आहे, देह नाशवंत आहे, रडू नका. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'महाराज, तुमचं खरं असंल. पण त्याचा डबा मी अजून घासला न्हाई.'

माझं तोंड बंद झालं. माझं ज्ञान एका डब्याशी हरलं.

तेवढ्यात शेजारची एक म्हातारी आली. कडू घास घेऊन आली होती. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून भावकीनं, शेजाऱ्यांनी भाकरी न्यायची, ही आपल्या पूर्वजांची रीत. म्हातारीनं भाकरी बाजूला ठेवली आणि त्या आईला खेटून बसली. किती तरी वेळ काही बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, 'कशाची भाजी दिली व्हतीस गं डब्यात?'

आणि मंडळी, चार दिवस दगडासारखी बसलेली ती आई बोलायला लागली. त्याला काय आवडायचं, शाळेत कसा जायचा, सगळं सांगत सुटली. रडली, पोटभर रडली. म्हातारी 'हां गं बाई, हां' एवढंच म्हणत होती. शेवटी दोघींनी मिळून तो डबा घासला. त्या दिवशी मला जनीच्या जात्याचा अर्थ कळला.

इथं बसलेल्या जुन्या आयाबायांना विचारा. जात्याला दुसरा हात लागला म्हणून दळण कमी होतं का? धान्य तेवढंच, दगड तेवढाच. पण जातं हलकं फिरतं. मात्र दुसरीनं पहिलीच्या लयीनं ओढलं पाहिजे. आपल्याच जोरानं ओढायला गेली, तर पहिलीचा खांदा दुखतो. दुःखाचंही तसंच आहे. ज्याचं दुःख, त्याची लय. त्याला गप्प राहायचं असेल तर गप्प बसा. तीच गोष्ट दहादा सांगितली तर दहादा ऐका. 'मी तुझ्या जागी असतो तर' म्हणू नका. तुम्ही त्याच्या जागी नाही.

आपण 'रडू नको' का म्हणतो, खरं सांगू? त्याचं रडणं आपल्याला सोसत नाही म्हणून. उपदेश पुष्कळदा आपल्या सोयीचा असतो.

पण एक ध्यानात ठेवा. गप्प बसणं म्हणजे दुर्लक्ष करणं नाही. कुणी 'आता जगण्यात राम नाही' म्हणालं, तर हसण्यावारी नेऊ नका, रागावू नका. मनात मरणाचा विचार येतो का, ते मायेनं, सरळ विचारा. त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरकडे घेऊन जा. सरकारची टेलिमानस ही मोफत फोनसेवा आहे, नंबर १४४१६. तो फोन लावून देणं हाही खुंट्याला हात लावणंच आहे.

आणि दहावा झाला की माणसं पांगतात. खरं दळण तिथून पुढं असतं. महिन्यानं जा, पहिल्या सणाला जा. हातात काही नसलं तरी चालेल.

आज घरी जाताना एकच आठवा, आपल्या आळीत कोण एकटं दळतंय? त्याच्याकडं जा. तो चुकला की बरोबर होता, हा हिशेब पांडुरंगावर सोडा. तुम्ही समोर बसा आणि खुंट्याला हात लावा.

बोलण्यात उणं-अधिक झालं असेल तर लेकरू म्हणून पदरात घ्या. पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!