ताब्यात घेतलेल्या माणसाची पावती
(रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



आजच्या सत्रात महागाईभत्ता नाही, कॅडर रिव्ह्यू नाही, बदल्यांचे धोरणही नाही. पोलिसांवरच गुन्ह्याचा आरोप आला तर काय व्हायला हवे, हा विषय ठेवला आहे. सकाळी फलकावर तो वाचून मागच्या बाकांवर थोडी कुजबुज झाली, ती आमच्या कानांवर आली. याच्याशी युनियनचा काय संबंध, असे काहींचे म्हणणे होते. संबंध आहे, आणि तो रेल्वेच्या रुळावरून आणि टपालाच्या थैलीतून आलेला आहे. म्हणून आधी एक हकीकत सांगतो.

ओरिसातल्या सुंदरगड जिल्ह्यात जराईकेला नावाचे एक रेल्वे स्टेशन आहे. १ डिसेंबर १९८७ रोजी सकाळी तिथल्या पोलीस चौकीच्या सहायक फौजदाराने चोरीच्या तपासासाठी सुमन बेहेरा नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणाला घरातून उचलून नेले. दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत स्टेशनापासून काही अंतरावर, पुलाजवळ, रुळावर सापडले. पोलिसांनी सांगितले की, रात्री तीनच्या सुमाराला त्याने हाताला बांधलेला दोर दातांनी कुरतडला, तो पळाला आणि गाडीखाली आला. रुळावरचे प्रेत म्हटले की प्रकरण मिटते. कोणती गाडी, कोणता ड्रायव्हर, किती वाजता, हे कोण विचारणार?

त्या तरुणाची आई नीलाबती बेहेरा. तिने १४ सप्टेंबर १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. वकील नाही, स्टँप नाही, साधे पत्र. न्यायालयाने त्या पत्रालाच रिट अर्ज मानले आणि सुंदरगडच्या जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितले. चौकशीत डॉक्टरांची साक्ष झाली. अंगावरच्या जखमा लाठीसारख्या कठीण, बोथट वस्तूच्या होत्या, सगळ्या जखमा गाडीखाली येऊन होण्यासारख्या नव्हत्या. निकालपत्रात आणखी एक गोष्ट नोंदली आहे, ती तुम्ही नीट ऐका. आरोपी पळाला असे म्हणणाऱ्या पोलिसांनी त्याचा शोध घेतल्याचा धड पुरावा नव्हता, आणि सकाळी रेल्वेच्या माणसांना प्रेत दिसल्यानंतर पोलीस तिथे पोचले ते बऱ्याच उशिराने. म्हणजे रुळावर काम करणाऱ्या, आपल्यासारख्याच कुणा माणसांनी पाहिलेली वेळ त्या खटल्यात कामाला आली. २४ मार्च १९९३ रोजी निकाल लागला. मृत्यू कोठडीतल्या मारहाणीने झाला असे न्यायालयाने मानले, आईला दीड लाख रुपये भरपाई द्यायला राज्य सरकारला सांगितले, आणि जबाबदार माणसांवर फौजदारी कारवाई करावी अशी अपेक्षाही नोंदवली.

दीड लाखात मुलगा परत येत नाही, हे कुणी सांगायला नको. पण त्या निकालाने एक गोष्ट पक्की झाली. नागरिकाचा जीव सरकारी ताब्यात गेला तर सरकारला ‘आमच्या नोकराने केले, आम्ही काय करणार’ असे म्हणून हात झटकता येत नाहीत.

आता ‘ताबा’ हा शब्द घ्या. तो आपल्याला कुणी शिकवायला नको. रजिस्टर पत्र एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा सही होते. आरएमएसच्या डब्यात थैल्या मोजून घेतल्या जातात, मोजून दिल्या जातात. एक थैली कमी भरली की शेवटची सही ज्याची, जाब त्याला. ‘ती आपोआप डब्यातून उडी मारून पळाली’ असे लिहून देणारा सॉर्टर आम्ही अजून पाहिला नाही. काउंटरवर पन्नास रुपये कमी निघाले तर ते खिशातून भरावे लागतात, वर मेमो येतो. मग पोलीस चौकीत चालत गेलेला माणूस सकाळी प्रेत होऊन बाहेर येतो, तेव्हा ‘तुमच्या ताब्यात असताना काय झाले ते तुम्ही सांगा’ असे म्हणणे जास्तीचे आहे का?

कायद्यात मात्र हे सरळ नाही. विधी आयोगाने १९८५ साली आपल्या ११३व्या अहवालात सुचवले होते की, कोठडीत असताना माणसाला इजा झाली तर ती त्या कोठडीच्या अधिकाऱ्याने केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे, आणि नाही केली हे त्याने दाखवावे. ही सुधारणा तेव्हा झाली नाही आणि २०२३ साली नवा साक्ष अधिनियम केला त्यातही ती आली नाही. छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने १९९७ साली सही केली, पण त्याला मंजुरी अजून दिलेली नाही. सही केलेला करार इतकी वर्षे पडून आहे. आपण एखादी पावती इतकी वर्षे ड्रॉवरमध्ये ठेवली असती तर काय झाले असते, याचा विचार जेवणाच्या सुट्टीत करा.

कायदा बदलत नाही असे मात्र समजू नका. देसाईगंज, म्हणजे आपल्या रेल्वेच्या माणसांच्या तोंडी वडसा, तिथल्या पोलीस ठाण्यात मार्च १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. तोच मथुरा खटला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, नागपूरच्या खंडपीठाने शिक्षा दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणजे संमती असली पाहिजे, असा एकूण सूर. रात्री पोलीस ठाण्यात, वर्दीसमोर, गरिबाघरची पोर आरडाओरड करील अशी अपेक्षा! १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिले, गावोगावच्या महिला संघटना रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलिसाच्या ताब्यात असताना संबंध झाल्याचे सिद्ध झाले आणि बाईने ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरायचे. अकरा वर्षे लागली. त्या मुलीला स्वतःला त्याचा काही उपयोग झाला नाही.

डी. के. बसू खटलाही पत्रातूनच उभा राहिला. पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक मदत संस्थेच्या कार्याध्यक्षांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांची कात्रणे जोडून १९८६ साली सरन्यायाधीशांना पत्र धाडले. दहा वर्षांनी, १८ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने अकरा सूचना दिल्या. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. अटकेच्या वेळी तारीख, वेळ घालून मेमो लिहायचा, त्यावर घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष घ्यायची आणि अटक झालेल्याचीही सही घ्यायची. नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायचे. दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरकडून तपासणी. म्हणजे काय? माणूस ताब्यात घेतल्याची पावती! जी आपण पार्सलासाठी रोज फाडतो ती.

इथे आम्हाला आमची स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती फारशी अभिमानाची नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेतल्या एका मेल गार्डाच्या हातून गेलेली एक थैली पुढे पोचली नाही. संध्याकाळी पोलिसांनी त्याला घरून नेले. आम्ही चौघे-पाच जण ठाण्यावर गेलो. ‘इथे असा कोणी आणलेला नाही’ असे उत्तर मिळाले. त्याची सायकल बाहेर भिंतीला टेकलेली होती. आम्ही मेमो मागितला तर हसले. रात्री दोनपर्यंत समोरच्या टपरीच्या बाकावर बसून राहिलो. सकाळी त्याला सोडले तेव्हा त्याला पाय टेकवत नव्हते. चौथ्या दिवशी ती थैली भलत्याच सॉर्टिंग ऑफिसात सापडली. तिकडे चुकून उतरली होती.

तक्रार करू म्हणून आम्ही कागद लिहून काढला. तो म्हणाला, “दादा, मला रोज रात्री त्याच स्टेशनावर उतरायचंय.” आणि सायकल पाहिलेल्या आमच्यापैकी दोघांना ती आठवेनाशी झाली. आम्ही कागद फाइलला लावला. फाइल अजून आहे. कमिटीच्या बैठकीत कुणी मोठ्या आवाजात लोकशाहीवर बोलू लागले की आम्हाला ती सायकल दिसते.

पोलीस सगळे वाईट असे म्हणायला आम्ही उभे नाही. १९७४ च्या मे महिन्यातल्या संपात कामगारांना हजारोंनी तुरुंगात घातले, क्वार्टरांतून बायका-पोरांना बाहेर काढले, ते जुन्या साथींना आठवत असेल. तरीही हवालदार हा नोकरदारच आहे हे आपण विसरत नाही. त्याला आपल्यासारखी युनियन करण्याची मोकळीक नाही, १९६६ च्या कायद्याने ती बांधून टाकली. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांनी उठाव केला तेव्हा लष्कर बोलावले गेले आणि त्यांची संघटना मोडली. वरचा साहेब चुकीचा हुकूम देतो तेव्हा खालच्या शिपायाला ‘लेखी द्या’ म्हणायची ताकद कुठून येणार? पण तशी माणसेही निघतात. जून २०२० मध्ये तामिळनाडूत सातानकुळम येथे, लॉकडाऊनमध्ये दुकान उघडे ठेवल्याच्या कारणावरून नेलेले बाप-लेक दोघे मारहाणीनंतर मरण पावले. त्या रात्री ठाण्यात काय चालले होते ते एका महिला हेड कॉन्स्टेबलने चौकशीला आलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यासमोर सांगितले. ठाण्यातल्या बाकी वर्दीसमोर, भीतीने कापत, पण सांगितले. उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने ते ठाणेच महसूल अधिकाऱ्यांच्या ताब्यात द्यायला लावले आणि पोलिसांवर खुनाचा खटला उभा राहिला.

आरोप आला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला, असेही आम्ही म्हणत नाही. तसे म्हणू लागलो तर ३११ कलमाखाली आपले संरक्षण आपणच उडवून देऊ. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायावर आपल्याच वरिष्ठाला आणि तीन प्रवाशांना सरकारी बंदुकीने गोळ्या घातल्याचा आरोप आहे. त्याला लगेच पकडले, पुढे नोकरीतून काढले, खटला न्यायालयात गेला. दोषी की निर्दोष ते न्यायालय ठरवील. आमचे म्हणणे एवढेच की, चालत्या गाडीत भरपूर डोळे होते म्हणून तिथे कारवाई झटपट झाली. ठाण्याच्या आतल्या खोलीत डोळे नसतात.

आपल्यापैकी कुणाला अठ्ठेचाळीस तासांहून जास्त कोठडी झाली तर निलंबन आपोआप लागू होते. ग्रामीण डाकसेवकाला ‘पुट ऑफ’ करतात. निम्म्या पगाराच्या हिशेबाने निर्वाहभत्ता आणि वर्षानुवर्षे चौकशी. हा नियम वर्दीवाल्याला सैल आणि आपल्याला घट्ट का? आणि चौकशी कुणी करायची? रेल्वेचा मोठा अपघात झाला तर चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात, आणि ते रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या हाताखाली असतात. गाडी चालवणाऱ्यानेच अपघाताचा दोष ठरवू नये, एवढे शहाणपण रेल्वेला स्वातंत्र्याच्या आधीच, १९४१ साली सुचले होते. पोलिसांच्या बाबतीत ते सुचायला २२ सप्टेंबर २००६ उजाडला. प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यात आणि जिल्ह्यात निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितले आणि त्याची शिफारस बंधनकारक ठेवायला सांगितले. महाराष्ट्राने २०१४ साली आपल्या कायद्यात प्राधिकरण आणले. कित्येक राज्यांनी ते आणताना ‘बंधनकारक’चा चिमटा सैल करून टाकला. २०२० च्या डिसेंबरात ठाण्याठाण्यांत कॅमेरे बसवण्याचा हुकूम झाला, चित्रण अठरा महिने जपायचे. २०२५ साली ते कॅमेरे चालत नाहीत म्हणून न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

आता इटारसीच्या साथींनी चिठ्ठी पाठवली आहे. रुळावर प्रेत दिसले, स्टेशन मास्तरांनी मेमो दिला, पोलीस आले आणि गँगमनला पंच म्हणून सही करायला सांगितले, तर काय करावे? चांगला प्रश्न आहे, हा आपला रोजचा प्रश्न आहे. जायला नकार देऊ नका, पण कोऱ्या कागदावर सही नाही. प्रेत प्रथम किती वाजता दिसले, कसे पडले होते, अंगावर दोर किंवा बांधल्याच्या खुणा होत्या का, रक्त कुठे होते, तेवढे आपल्या डायरीत त्याच वेळी लिहा. मेमोवर वेळ घालायला लावा आणि त्याची नक्कल ठेवा. पोलीस जबाब घेतील त्यावर साक्षीदाराची सही घ्यायचीच नसते, कायद्यानेच ती मना आहे, ‘इथे सही कर’ म्हटले तर तसे सांगा. पंचनामा मात्र वाचून घ्या, वाचता येत नसेल तर बरोबरच्याकडून वाचून घ्या. मरणोत्तर पंचनाम्याच्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की, हजर असलेल्यांपैकी जे सहमत असतील त्यांनीच सही करायची.