नकार कोणाला परवडतो?

आज आपण एका नाटकाबद्दल बोलणार आहोत. नाटकाचं नाव 'अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स', लेखक जे. बी. प्रीस्टली. इंग्लंडमध्ये पंधरा-सोळा वर्षांची मुलं वर्षानुवर्षं हे नाटक शालेय परीक्षेसाठी वाचत आली आहेत. आपल्याकडे ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या काही शाळांतही ते शिकवलं जातं. मी बेंगळुरूमध्ये इंग्रजी साहित्य शिकवते, त्यामुळे माझा या नाटकाशी संबंध जुना आहे.

हे नाटक सामाजिक वर्ग आणि सत्ता यांच्याबद्दल आहे, हे कुठल्याही गाइडच्या पहिल्याच पानावर सापडतं. 'बर्लिंग हा भांडवलदार, ईव्हा ही कामगार वर्गाची प्रतिनिधी.' मुलं हे पाठ करतात, लिहितात, मार्कही मिळवतात. पण सत्ता म्हणजे नक्की काय, ती घरात, दुकानात, समितीच्या टेबलावर कशी चालते, ते या वाक्यातून समजत नाही. म्हणून मी वर्गात एकच साधा प्रश्न विचारते: या नाटकात 'नाही' कोण म्हणतं, आणि त्या 'नाही'ची किंमत कोण मोजतं?

ज्यांनी नाटक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगते. साल १९१२. ब्रमली नावाचं इंग्लंडमधलं एक काल्पनिक औद्योगिक शहर. आर्थर बर्लिंग हे कारखानदार. त्यांची मुलगी शीला हिचा साखरपुडा झाला आहे, आणि जेवण नुकतंच आटोपलंय. टेबलाभोवती बर्लिंग, त्यांची पत्नी सिबिल, शीला, मुलगा एरिक आणि होणारा जावई जेराल्ड क्रॉफ्ट. तेवढ्यात गूल नावाचा इन्स्पेक्टर येतो आणि सांगतो, ईव्हा स्मिथ नावाच्या तरुण मुलीने जंतुनाशक पिऊन जीव दिला आहे. मग एकेकाची चौकशी होते, आणि कळतं की त्या मुलीच्या आयुष्याला या प्रत्येकाचा हात लागलेला आहे.

आता हे टेबल नीट बघा. आपल्याला वाटतं, सगळे श्रीमंत, म्हणजे सगळे एकाच पायरीवरचे. तसं नाही. सिबिलबाईंचं माहेर नवऱ्याच्या घराण्यापेक्षा वरचं. जेराल्डचे आईवडील सर जॉर्ज आणि लेडी क्रॉफ्ट, म्हणजे बर्लिंगपेक्षा मोठे कारखानदार आणि घराणंही जुनं. मुलाने याहून वरच्या घरातली मुलगी केली असती तर बरं, असं लेडी क्रॉफ्टना वाटतं, आणि ते बर्लिंगना ठाऊक आहे. म्हणूनच ते जेराल्डच्या कानात सांगतात की आपल्याला लवकरच 'सर' किताब मिळण्याची शक्यता आहे. सुरुवातीलाच बर्लिंग जेवण छान झाल्याचं म्हणतात आणि स्वयंपाकिणीला तसं कळवायला सांगतात, तेव्हा बायको त्यांना टोकते. चार लोकांत असं बोलायचं नसतं! स्वयंपाकिणीचं कौतुक केलं तरी आपली पायरी घसरते, अशी ती भीती. वर चढणाऱ्याला खालच्याशी नातं दाखवणं परवडत नाही.

आता नकारांकडे येऊ. १९१० च्या सप्टेंबरमध्ये ईव्हा बर्लिंगच्या कारखान्यात काम करते. सरासरी मजुरी आठवड्याला साडेबावीस शिलिंग. मुली पंचवीस मागतात. म्हणजे आठवड्याला अडीच शिलिंग वाढ. मजुरीचा खर्च सुमारे १२ टक्क्यांनी वाढला असता, असा हिशेब बर्लिंग स्वतः सांगतात. ते 'नाही' म्हणतात. संप होतो, एक-दोन आठवड्यांत मोडतो. बाकीच्यांना जुन्या मजुरीवर परत घेतात आणि पुढे झालेल्या चार-पाच जणींना काढून टाकतात. ईव्हा त्यांतली एक. गंमत म्हणजे ती चांगली कामगार होती, तिला बढती द्यायचा विचार चालू होता. बर्लिंगच्या 'नाही'ने त्यांच्या ताटातला एक घासही कमी झाला नाही. ईव्हाच्या 'नाही'ने तिची नोकरी गेली.

दोन महिने बेकारीत काढल्यावर तिला एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात काम मिळतं. तिथे शीला येते. एक पोशाख तिला शोभत नाही, आरशात ती ईव्हाला हसताना बघते आणि भडकते. या मुलीला काढा, नाहीतर आमच्या घरचं खातं बंद, असं ती मॅनेजरला सांगते. शीला कुणाची मालकीण नाही. तिच्या हातात फक्त खातं आहे. गिऱ्हाईक म्हणून नाराज होण्याची ताकद. ही ताकद आज आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. डिलिव्हरी देणाऱ्या मुलाला एक तारा द्यायचा की पाच, हे आपण जिना चढता चढता ठरवतो.

मग जेराल्ड. तो तिला एका वाईट माणसाच्या तावडीतून सोडवतो, राहायला जागा देतो, पैसे देतो. तो दुष्ट नाही. पण छप्पर त्याचं, नातं कधी संपवायचं तेही तोच ठरवतो. आणि एरिक. तो दारूच्या नशेत तिच्या खोलीवर जातो. ती 'नाही' म्हणते, तो तमाशा करण्याची धमकी देतो. इथे तिच्या 'नाही'ला शून्य किंमत. वर्गात या ठिकाणी शांतता पसरते, आणि ती पसरू द्यावी असं मला वाटतं.

शेवटी, गरोदर असलेली ईव्हा बायकांच्या एका धर्मादाय समितीकडे मदत मागते. तिथे सिबिलबाई प्रमुख आहेत. मुलीने स्वतःचं नाव 'मिसेस बर्लिंग' सांगितलं म्हणून त्या चिडतात आणि आपलं वजन वापरून अर्ज फेटाळायला लावतात. तो काळ आठवा. १९११ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये बेकारीचा विमा आला खरा, पण तो थोड्याच धंद्यांपुरता. बाकीच्यांना दारोदार जाऊन आपण मदतीला 'लायक' आहोत हे सिद्ध करावं लागे. लायक कोण, हे ठरवणार पोट भरलेली माणसं. हक्क आणि दान यांतला फरक इथे कळतो. दान नाकारता येतं, आणि नाकारणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही.

मुलं मला विचारतात, ईव्हा एवढी निष्पाप कशी? लेखकाने तिला देवी करून टाकलंय का? रास्त शंका आहे. ती रंगमंचावर येत नाही, तिची कहाणी इतरच सांगतात. पण तिचे नकार मोजा. कमी मजुरीवर गप्प बसायला तिने नकार दिला. एरिकने दिलेले पैसे चोरीचे आहेत हे कळल्यावर तेही तिने नाकारले. त्याचं प्रेम नाही हे ओळखून त्याच्याशी लग्न करायलाही तयार झाली नाही. नाटकात सगळ्यात महागडे नकार तिचे आहेत, आणि ती ते देते. म्हणून मला ती बिचारी वाटत नाही.

आता शेवटाकडे. इन्स्पेक्टर निघून गेल्यावर जेराल्ड एक युक्तिवाद मांडतो. फोटो एका वेळी एकालाच दाखवला. सगळ्यांनी एकच मुलगी पाहिली कशावरून? चार-पाच निरनिराळ्या मुली असतील! मोठ्यांना हायसं वाटतं. फोन करून खात्री होते की गूल नावाचा इन्स्पेक्टरच नाही. चला, प्रकरण मिटलं. शीला आणि एरिक मात्र म्हणतात, मुली पाच असल्या तरी आपण जे केलं ते केलंच. मला हे नाटकातलं सगळ्यात महत्त्वाचं भांडण वाटतं. अन्यायाचे तुकडे केले की प्रत्येकाच्या वाट्याला लहानसा तुकडा येतो, आणि लहान तुकड्यासाठी कुणी झोप उडवून घेत नाही. मी फक्त सही केली, मी फक्त तक्रार केली, मी फक्त नियम सांगितला.

शीला जेराल्डची अंगठी लगेच परत घेत नाही. हे तिचं या नाटकातलं पहिलं 'नाही', ज्याची किंमत ती स्वतः मोजू शकते. आणि मग पुन्हा फोन वाजतो. तो का वाजतो, हे तुम्हीच वाचा.

प्रीस्टली १८९४ साली ब्रॅडफर्डमध्ये, लोकरीच्या गिरण्यांच्या गावात जन्मले. वडील शिक्षक. पहिल्या महायुद्धाआधी त्यांनी लोकरीच्या पेढीत कारकुनी केली, मग सैन्यात गेले. नाटक लिहिलं दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. पहिले प्रयोग १९४५ मध्ये सोव्हिएत संघात झाले, लंडनला १९४६ मध्ये. म्हणजे १९१२ ची गोष्ट बघणारे लोक दोन महायुद्धं भोगून आलेले होते. टायटॅनिक बुडणार नाही, युद्ध होणार नाही, असं बर्लिंग छातीठोकपणे सांगतात तेव्हा त्या प्रेक्षकांना काय वाटलं असेल? सत्तेच्या आत्मविश्वासावर विश्वास ठेवू नका, एवढं त्यांना कळलं असणार. १९४५ च्या निवडणुकीत त्यांनी मजूर पक्षाला निवडूनही दिलं होतं. आपल्याकडे बंगालीत हीच गोष्ट 'थाना थेके आसछि' या नावाने आली, १९६५ साली त्यावर चित्रपट निघाला. कोलकात्यात ती परकी वाटली नाही, यात नवल नाही.

जाता जाता एका पात्राची ओळख करून देते. एडना, घरातली मोलकरीण. पडदा उघडल्यावर पहिलं वाक्य तिला उद्देशून आहे, आणि इन्स्पेक्टर आल्याची वर्दीही तीच देते. इन्स्पेक्टर गेल्यावर दाराची घंटा वाजते, तेव्हा एडना उघडेल, चहासाठी तिला जागंच ठेवलंय, असं सिबिलबाई म्हणतात. ईव्हासाठी घर ढवळून निघालेलं असताना एडना दाराआड जागी आहे. तिला 'मी झोपते' म्हणता येत नाही. परीक्षेत तिच्यावर प्रश्न क्वचितच येतो.

मुलं ईव्हावर सुंदर निबंध लिहितात. मी त्यांना पुढचं काम देते: आपल्या घरात रात्री एडना कोण आहे ते बघा. तिचा पगार किती, सुट्टी किती, आणि ती 'नाही' म्हणाली तर काय होतं, हे घरी विचारा. काही घरांतून मला रागाचे फोन येतात. काही घरांत आठवड्याची सुट्टी सुरू झाली आहे. फरक अडीच शिलिंगांएवढाच असेल. पण ज्यांना नकार परवडतो त्यांनी तो द्यायच्या आधी थांबून समोरच्याकडे बघावं, एवढंच हे नाटक मागतं.

तुम्हीही आज घरी हा प्रश्न विचारून बघा.