जागती नगरी सोल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कोजागिरी संमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आम्हां उभयतांना चार शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल कार्यकारी मंडळाचे प्रथम आभार मानतो. मुलाच्या नोकरीच्या निमित्ताने कोरियाच्या राजधानीत काही महिने राहण्याचा योग आम्हांला आला. १९८८ च्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी आपल्या वर्तमानपत्रांतून ‘सेऊल’ या नावाने जे शहर घरोघरी परिचित झाले, तेच हे सोल. तेथील राजवाडे, वस्तुसंग्रहालये आणि गगनचुंबी इमारती यांची माहिती प्रवासवर्णनांतून पुष्कळ मिळते. आम्ही आज बोलणार आहोत ते सोलच्या रात्रीविषयी आणि त्या रात्री रस्त्यावर मिळणाऱ्या अन्नाविषयी. विषय हलका वाटेल. परंतु एखाद्या शहराची खरी ओळख रात्री बारानंतर तेथे कोण जागे असते आणि त्याला कोण जेवू घालते यावरून होते, असे आमचे मत झाले आहे.

नव्वद लाखांहून अधिक वस्तीचे हे शहर हान नदीच्या दोन्ही तीरांवर पसरले आहे. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की सहकाऱ्यांनी एकत्र जेवायला जाण्याची तेथे जुनी रीत आहे. तिला ‘हेशिक’ म्हणतात. या जेवणाच्या फेऱ्या असतात. पहिली फेरी शेगडीवर भाजलेल्या मांसाची, दुसरी बहुधा तळलेली कोंबडी आणि बियर यांची, आणि तिसरी ‘नोरेबांग’ची, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या गाण्याच्या खोलीची. वडीलधाऱ्यांचा पेला धाकट्याने दोन्ही हातांनी भरावयाचा आणि स्वतः पिताना तोंड बाजूला वळवावयाचे, हा शिष्टाचार तिसऱ्या फेरीपर्यंतही सहसा सुटत नाही. २०१८ मध्ये आठवड्याला कामाचे तास बावन्नाहून अधिक असू नयेत असा कायदा अमलात येऊ लागला, त्यानंतर महामारी आली, आणि या फेऱ्या आता पूर्वीपेक्षा कमी झाल्या आहेत. तरुण मंडळींना तर त्यांतील सक्ती नकोशीच वाटते.

परंतु सोलची खरी रात्र पाहावयाची ती ‘पोजांगमाचा’त. हातगाडीवर ताडपत्रीचा तंबू उभारलेला, आत एक दिवा, लाकडी बाक किंवा प्लॅस्टिकच्या तिवया, आणि मधोमध वाफाळणारे पातेले. कोरियन युद्धानंतरच्या दारिद्र्याच्या काळात अशा गाड्या गल्लोगल्ली उभ्या राहिल्या. तांदळाच्या पिठाच्या लांबट कांड्या लाल तिखट रश्शात शिजवतात, ती ‘तोकबोक्की’. माशाच्या लगद्याच्या पट्ट्या काडीला टोचून कढणात उकळतात, तो ‘ओमुक’. त्याचे गरम कढण कागदी पेल्यातून तसेच देतात, त्याचे दाम घेत नाहीत. थंडीत पारा शून्याच्या खाली गेलेला असताना त्या पेल्याभोवती हात धरून उभी असलेली माणसे पाहिली म्हणजे अन्न हे केवळ पोट भरण्याकरिता नसते हे ध्यानात येते.

गाडीवरच्या बाईला गिऱ्हाइके हाक मारतात ती ‘इमो’ अशी. इमो म्हणजे मावशी! आपल्याकडे खानावळीतल्या, भाजीवाल्या, घरी कामाला येणाऱ्या बाईला आपण मावशी म्हणतो, अगदी तसे. परभाषेच्या त्या गजबजाटात या एका शब्दाने आम्हांला जेवढे आपलेपण वाटले, तेवढे दुसऱ्या कशाने वाटले नाही.

शाकाहारी मंडळींनी काय करावे, हा प्रश्न आमच्या भगिनींच्या मनात केव्हाचा आला असेल. वाट थोडी अवघड आहे खरी, कारण साध्या भाजीतही माशाचे पाणी असू शकते. परंतु हिवाळ्यात लोखंडी पिंपाच्या भट्टीत भाजलेली रताळी मिळतात, भाजलेली चेस्टनट मिळतात, आणि ‘होत्तोक’ नावाची एक जाडसर पोळी मिळते. तिच्या पोटात तांबूस साखर, दालचिनी आणि दाण्यांचा कूट असतो. तव्यावर साखर वितळून पाक होतो आणि पहिल्या घासाला जीभ भाजते. गुळाची पोळी खाणाऱ्याला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. १९०५ पासून चालत आलेल्या ग्वांगजांग बाजारात तर बायका दगडी जात्यावर भिजवलेले मूग दळीत असतात आणि त्या पिठाची जाड धिरडी भरपूर तेलात खरपूस तळतात. ‘बिंदेत्तोक’ हे त्यांचे नाव. पुष्कळदा त्यांत डुकराचे मांस घालतात, म्हणून आधी विचारून घ्यावे. पण वास मात्र थेट आपल्या मुगाच्या धिरड्याचा.

आता या दिव्यांच्या झगमगाटामागची गोष्ट सांगतो. ज्या शहराची रात्र पाहावयास आज जगातून लोक येतात, त्या शहराला छत्तीस वर्षे रात्रच नव्हती. सप्टेंबर १९४५ मध्ये जपानची सत्ता संपली आणि अमेरिकन लष्कराने रात्रीची संचारबंदी लागू केली. पुढे कोरियाचे दोन तुकडे झाले, १९५० ते १९५३ चे भीषण युद्ध झाले, लष्करी राजवटी आल्या. संचारबंदी मात्र राहिली. मध्यरात्री भोंगा वाजे, आणि पहाटे चारपर्यंत रस्त्यावर दिसेल त्याला पोलीस चौकीत नेऊन बसवीत. अकरा वाजल्यापासून शेवटची बस गाठण्याकरिता सारे शहर धावू लागे. नाताळची रात्र आणि वर्षअखेरची रात्र एवढ्याच काय त्या मोकळ्या असत, आणि त्या दोन रात्री माणसे नुसते चालण्याकरिता रस्त्यावर उतरत. १९८१ मध्ये ऑलिंपिकचे यजमानपद सोलला मिळाले, आणि ५ जानेवारी १९८२ रोजी, सीमेलगतचे व किनाऱ्यावरचे काही भाग वगळून, ही संचारबंदी उठली. आज साठी उलटलेल्या पुष्कळ कोरियन माणसांनी आपल्या तरुणपणी तो भोंगा ऐकलेला आहे.

त्या बंद रात्रींतील एका तरुणाची हकीकत ऐकून आम्ही फार अस्वस्थ झालो. जॉन थेइल हे त्याचे नाव. तोंगदेमुन भागातील कपड्यांच्या बाजारात, ज्याचे नाव विपरीतपणे ‘शांतता बाजार’ असे होते, तो कापड बेतण्याचे काम करी. तेरा-चौदा वर्षांच्या मुली तेथे, ताठ उभे राहता येणार नाही अशा ठेंगण्या माळ्यांवर, दिवसाचे चौदा-पंधरा तास शिवणकाम करीत. निकड असली म्हणजे झोप येऊ नये म्हणून त्यांना गोळ्या देत. त्या उपाशी मुलींना पाहून हा तरुण आपल्या बसभाड्याच्या पैशातून त्यांना ‘फुलपांग’ घेऊन देई. आपल्या आप्पेपात्रासारख्या साच्यात भाजलेला हा पिठाचा अगदी स्वस्त खाऊ. खिशात पैसे उरले नाहीत म्हणजे तो दोन-तीन तासांची वाट पायी तुडवी. वाटेत बारा वाजत, भोंगा होई, आणि कित्येकदा त्याची रात्र पोलीस चौकीत जाई. कामगारांसाठी कायदा आहे, तो नुसता पाळा, एवढेच त्याचे मागणे होते. कोणी ऐकले नाही. १३ नोव्हेंबर १९७० रोजी, बावीस वर्षांच्या वयात, त्याने त्या बाजारासमोर स्वतःला पेटवून घेतले. कोरियातील कामगार चळवळीचा नवा अध्याय त्या दिवशी सुरू झाला असे मानतात. त्याच्या आईने, ई सो-सन यांनी, २०११ मध्ये आपल्या निधनापर्यंत ते कार्य चालविले. आज त्या बाजाराजवळच्या पुलावर त्याचा पुतळा आहे.

त्याच तोंगदेमुनमध्ये आज रात्र हीच कामाची वेळ आहे. कपड्यांचे घाऊक बाजार अंधार पडल्यावर उघडतात आणि पहाटेपर्यंत चालतात. गावोगावचे दुकानदार रात्रीच्या बसने येतात, पाठीवर मावणार नाहीत एवढी गाठोडी बांधतात आणि सकाळी आपल्या गावी दुकान उघडतात. नोरयांगजिनच्या मासळी बाजारात मध्यरात्रीनंतर लिलाव सुरू होतात. या माणसांकरिता रश्शाची, सुपाची दुकाने रात्रभर उघडी असतात. ‘हेजांगगुक’ नावाचे जे सूप आज मद्याचा अंमल उतरविण्यासाठी म्हणून प्रसिद्ध आहे, ते विकणारे जोंगनो भागातील १९३७ पासूनचे एक दुकान मुळात पहाटे जळाऊ लाकडाच्या मोळ्या घेऊन येणाऱ्या माणसांना जेवू घालीत असे. रात्रीचे अन्न हे आधी कष्टकऱ्यांचे अन्न आहे. चैनीच्या माणसांना त्याचा शोध मागाहून लागला.

शहरानेही या जागणाऱ्यांची काही दखल घेतली. मध्यरात्रीच्या सुमारास भुयारी रेल्वे थांबते, आणि मग घरी कसे जावयाचे हा प्रश्न टॅक्सी न परवडणाऱ्याला पडतो. २०१३ मध्ये नगरपालिकेने ‘घुबड बस’ सुरू केली. तिचे मार्ग आखताना रात्री कोणत्या भागातून दूरध्वनी होतात हे तपासले. सुमारे तीनशे कोटी नोंदी त्यासाठी पाहिल्या गेल्या असे सांगतात. आपल्याकडे घुबड अशुभ, तेथे ते रात्री माणसांना सुखरूप घरी पोचविणारे!

आणखी एका बसचा उल्लेख करणे आवश्यक आहे. नो ह्वे-छान नावाच्या संसदसदस्याने २०१२ मध्ये आपल्या पक्षाचे नेतृत्व स्वीकारताना ६४११ क्रमांकाच्या बसविषयी भाषण केले. पहाटे चार वाजता ही बस निघते आणि थोड्याच वेळात भरून जाते. तिच्यातून पन्नाशी-साठीच्या बायका श्रीमंत गांगनाम भागातील कचेऱ्या झाडावयास जातात, आणि साहेबलोक येण्यापूर्वी काम संपवून दृष्टीआड होतात. त्यांना नाव असूनही त्या नावाने कोणी हाक मारीत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. पूर्वी पहाटे चारला संचारबंदी संपत असे. आज त्याच घटकेला ही बस निघते. एका बाजूला तरुण मंडळी गाऊन घरी परतत असतात, दुसऱ्या बाजूला या बायका कामाला निघालेल्या असतात, आणि कोपऱ्यावरच्या गाडीवरचे कढण दोघांनाही मिळते.

रात्र मोकळी झाली म्हणजे सारे निभावले असे मात्र नाही. २९ ऑक्टोबर २०२२ रोजी इतेवान या भागातील एका अरुंद गल्लीत झालेल्या चेंगराचेंगरीत १५९ जीव गेले. त्यांतील बहुतेक तरुण होते. रात्री घरी आयती वस्तू पोचविणाऱ्यांचे हालही मोठे आहेत. अकराच्या आत मागविलेली भाजी सकाळी सातच्या आत दारात येते; ती येते कारण कोणाची तरी रात्र त्यात खर्ची पडते. मोकळ्या रात्रीला राखणदारही हवा.

ही रात्र कोरियन माणसाला किती मोलाची वाटते, हे ३ डिसेंबर २०२४ रोजी जगाने पाहिले. रात्री साडेदहाच्या सुमारास राष्ट्राध्यक्षांनी लष्करी कायदा पुकारला. ज्यांनी भोंगा ऐकला होता ती वृद्ध मंडळी आणि ज्यांनी तो कधीच ऐकला नव्हता ती मुले, दोघेही त्या थंडीत संसदेकडे धावली. काही सदस्य कुंपणावरून चढून आत गेले, आणि रात्री एकच्या सुमारास १९० सदस्यांनी एकमताने तो हुकूम रद्द करण्याचा ठराव केला. एप्रिल २०२५ मध्ये घटनात्मक न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांना पदच्युत केले. त्या डिसेंबरात निदर्शने चालू असताना एक गोष्ट घडली, ती आम्हांला साऱ्या राजकारणाहून मोठी वाटते. ज्यांना प्रत्यक्ष येता आले नाही, अशा लोकांनी संसदेजवळच्या उपाहारगृहांत आगाऊ पैसे भरून ठेवले. कोणीही थंडीने काकडणारा येईल, त्याला कॉफी द्या, किंबाप द्या, नाव विचारू नका. २१ डिसेंबरला, वर्षातील सर्वांत मोठ्या रात्री, शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर पोलिसांनी शहराच्या दक्षिण वेशीवर अडविले. तेव्हा शहरातल्या तरुण मुली त्यांच्यासोबत रात्रभर रस्त्यावर बसल्या, आणि कोठून कोठून अनोळखी लोक त्यांच्यासाठी गरम अन्न पाठवीत राहिले. बसभाड्याच्या पैशातून फुलपांग घेऊन देणाऱ्या त्या तरुणाला चोपन्न वर्षांनंतर मिळालेले ते उत्तर होते, असे आम्ही मानतो.

बंधुभगिनींनो, आपण सारे परप्रांती आलेली माणसे. पन्नास वर्षांपूर्वी रात्रीच्या गाडीने या शहरात उतरलेल्या कुटुंबांना कोठल्या तरी मराठी घराने दार उघडले आणि पिठलंभात वाढला, म्हणून हे मंडळ उभे राहिले. त्यानंतर आपण स्थिरावलो, घरे झाली, मंडळाची वास्तू झाली. परंतु आजही या शहरात रात्री उतरणारे, रात्री राबणारे पुष्कळ आहेत. ते बहुधा मराठी नाहीत. आपल्या इमारतीचा पहारेकरी, रुग्णालयातील परिचारिका, मध्यरात्री दारात पुडके ठेवून जाणारा पोरगा, यांना आपल्यापैकी किती जण नावाने ओळखतात?

आज कोजागिरी आहे. ‘कोण जागे आहे?’ हा या रात्रीचा प्रश्न आपण लहानपणापासून ऐकत आलो. लक्ष्मी तो विचारीत फिरते असे आपली आजी सांगे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एक लहानशी सूचना करून आम्ही आपली रजा घेतो. मसाल्याचे दूध आटून तयार झाले आहे. पेले भरावयास घ्याल, तेव्हा पहिला पेला बाहेर फाटकाशी बसलेल्या पहारेकऱ्याला द्यावा, आणि देताना त्याचे नाव विचारून घ्यावे.